भाद्रपद आणि राखणीचा कुत्रा

पोळा होतो, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उडालेला नसतो, आणि भाद्रपद लागतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली, या महिन्यात गावोगाव एक देखावा हमखास दिसतो. पुढे एक कुत्री आणि तिच्यामागे पाच, सात, कधी दहा कुत्र्यांचे टोळके. त्यांची गुरगुर, भांडणे आणि रात्रभराचे भुंकणे. आपल्या भाषेने तर या महिन्याची आणि कुत्र्याची सांगड कायमची घालून टाकली आहे. ही वरात शाळेच्या मैदानातून गेली की मुले खिडकीशी गोळा होतात, एखादा दगड भिरकावतो, आणि गुरुजी किंवा बाई खिडकी लावून घेतात.

आमच्या मते ती खिडकी लावून घेण्याचे काही कारण नाही. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, आणि त्यातले संप्रेरकांचे काम इतक्या ढळढळीतपणे दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? शिवाय प्रश्न केवळ धड्याचा नाही. त्या टोळक्यातली सगळीच कुत्री बेवारस नसतात. कोणी मळ्यातून दोर तोडून आलेला असतो, कोणाला मालकानेच रात्री मोकळे सोडलेले असते. 'आमचा कुत्रा पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाही, आला तर फाटक्या कानाने येतो, त्याचे काय करावे?' हा प्रश्न शेतकऱ्यांकडून आम्हांला अनेकदा ऐकायला मिळतो. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी कुत्रीच्या शरीरात काय घडते ते पाहावे लागेल.

पाळलेल्या, विशेषतः विदेशी जातींच्या कुत्र्या साधारण सहा ते सात महिन्यांनी, म्हणजे वर्षातून दोनदा माजावर येतात. आपल्या गावठी, मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्या मात्र बहुधा वर्षातून एकदाच, आणि तेही पावसाळ्याच्या उत्तरार्धात. पश्चिम बंगालमधील खेड्यांत मोकाट कुत्र्यांची जी निरीक्षणे झाली त्यांतही मिलन पावसाळा सरताना आणि पिल्ले हिवाळ्यात, असाच क्रम आढळला. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. भाद्रपदात जोडी जमली की कार्तिक-मार्गशीर्षात पिल्ले होतात. तोवर जमीन वाळलेली असते आणि कडब्याच्या गंजीखाली उकरलेल्या खड्ड्यात पाणी शिरण्याची भीती राहत नाही.

माजाच्या सुरुवातीला कुत्रीला रक्तस्राव होतो. इथे एक मोठा गैरसमज आहे. लोक त्याला 'पाळी' समजतात आणि स्त्रीच्या पाळीशी त्याची तुलना करतात. प्रत्यक्षात दोन्हींचे स्थान उलटे आहे. स्त्रीचा स्राव हा बीजांड निघून गेल्यानंतर, गर्भ न राहिल्यामुळे होतो. कुत्रीचा स्राव बीजांड सुटण्याच्या आधी होतो. अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशय व योनीमार्ग यांच्या रक्तवाहिन्या भरून येतात, त्यातले रक्त झिरपते. हा टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असतो, आणि त्या काळात कुत्री नरांना आकर्षित तर करते, पण जवळ येऊ देत नाही. मग स्राव फिका, गुलाबी होतो किंवा थांबतो आणि पुढचा सुमारे नऊ दिवसांचा टप्पा सुरू होतो. आता ती नरासमोर उभी राहते, शेपटी एका बाजूला वळवते. गर्भधारणा या काळात होते.

घरोघरी मात्र काय होते? रक्त दिसते तोवर कुत्रीला कोंडतात, 'झाले एकदाचे' म्हणून आठ-दहा दिवसांनी सोडतात, म्हणजे नेमक्या नको त्या दिवशी. पहिला थेंब दिसल्यापासून किमान तीन आठवडे, जमल्यास चार, कुत्री बंदिस्त राहिली पाहिजे. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी घरी जाऊन सांगितली तरी पुष्कळ नको असलेली बाळंतपणे टळतील.

कुत्रीच्या बाबतीत आणखी एक वेगळेपण आहे. तिची बीजांडे अंडाशयातून सुटतात तेव्हा कच्ची असतात. ती पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. आणि नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात सहा-सात दिवसही तग धरू शकतात. म्हणजे सोमवारी आलेल्या नराचे आणि गुरुवारी आलेल्या नराचे शुक्रजंतू एकाच वेळी बीजांडांची वाट पाहत असू शकतात. एकाच वेताची पिल्ले एक काळे, एक पांढरे, एक बांडे अशी निघतात, तेव्हा त्यांचे बापही वेगवेगळे असू शकतात. (रंगावरून मात्र खात्री देता येत नाही. एकाच बापाची पिल्लेही अनेक रंगांची होतात.)

आता नराकडे वळू. कुत्रीचा माज ठरावीक दिवसांचा असतो, नराला तसा ऋतू नाही. सात-दहा महिन्यांचा झाल्यापासून त्याची वृषणे वर्षभर शुक्रजंतू तयार करीत राहतात आणि तो वर्षभर तयारच असतो. भाद्रपदात तो बिघडतो असे आपण म्हणतो, पण बदल त्याच्यात नसून हवेतल्या वासात झालेला असतो. माजावरील कुत्रीच्या मूत्रातून आणि योनीस्रावातून गंधद्रव्ये बाहेर पडतात. कुत्र्याच्या नाकाच्या तळाशी, टाळूच्या वर, जेकबसनचे इंद्रिय नावाची एक जोडनळी असते. मूत्राचा ठिपका चाटून कुत्रा दात कटकटवताना आपण पाहिला असेल, तो ते रेणू या नळीकडे पोचवत असतो. या इंद्रियातून निघालेले चेतातंतू मेंदूच्या अशा भागांशी जोडलेले आहेत, जिथून संप्रेरकांचे आणि लैंगिक वर्तनाचे नियंत्रण होते. म्हणूनच अशा वेळी तो खाणे सोडतो, दार उकरतो, दोर कुरतडतो, कळवळतो. त्याला मारून, उपाशी ठेवून किंवा दटावून काही उपयोग नाही. शिस्त लावण्याजोगी ही गोष्टच नव्हे. कुत्रीच्या शेपटीला घासलेट किंवा बाम चोळण्याचा उपायही तसाच. वास लपत नाही, आणि तिची कातडी मात्र भाजते.

मग अडकलेल्या जोडीचा प्रश्न. नराच्या लिंगाच्या मुळाशी एक गाठीसारखा भाग असतो. मिलनात तो रक्ताने फुगतो, कुत्रीचे स्नायू त्याभोवती आवळले जातात आणि दोघे पाठीला पाठ लावून उभे राहतात. ही स्थिती पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत, कधी थोडी जास्तही टिकते. नेमक्या याच वेळी मुले दगड मारतात आणि मोठी माणसे काठीने, गार पाण्याने त्यांना 'सोडवायला' धावतात. गर्भ टाळण्याचा हेतू असेल तर हा खटाटोप संपूर्णपणे फुकट आहे, कारण शुक्रजंतूंनी भरलेला वीर्याचा भाग अडकण्याच्या सुरुवातीलाच आत गेलेला असतो. नंतर येतो तो मुख्यतः पूरःस्थ ग्रंथीचा पातळ द्रव. ओढाताणीने दोघांनाही आतून जखमा होतात, आणि वेदनेने पिसाळल्यासारखा झालेला प्राणी जवळच्या पोराला चावतो. गाठ ओसरली की ते आपोआप सुटतात, तोवर मुलांना लांब ठेवावे.

नको असलेले मिलन झालेच तर घरच्या कुत्रीला पशुवैद्याकडे लगेच न्यावे. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत. पूर्वी अशा वेळी इस्ट्रोजेनची इंजेक्शने सर्रास दिली जात. त्यांनी गर्भाशयात पू होणे, अस्थिमज्जा निकामी होणे असे जिवावरचे प्रकार घडतात. माज लांबवण्याच्या संप्रेरक-इंजेक्शनांनीही गर्भाशयात पू आणि स्तनांत गाठी होण्याचा धोका वाढतो. पुढे पिल्ले नकोच असतील तर गर्भाशय व अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच निर्धोक मार्ग.

गावातली कुत्री कमी करायची तर कोणाची शस्त्रक्रिया करावी, नराची की मादीची? या प्रश्नावर सभा बोलावली तर बहुतेक जण नराकडे बोट दाखवतात. रस्त्यावर दंगा तोच करतो, आणि त्याची शस्त्रक्रिया सोपी व स्वस्तही असते. पण पोळ्याच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या बैलांनाच आपण हा प्रश्न विचारू. पिढ्यान्‌पिढ्या आपण गोऱ्हे खच्ची करून त्यांचे बैल करीत आलो. पूर्वी गावासाठी म्हणून एखादा वळू तेवढा राखलेला असे. गावातले जवळजवळ सगळे नर खच्ची झालेले असूनही गाईंची वेते कमी झाली नाहीत. एक वळू सगळ्या गाईंना पुरत असे.

कुत्र्यांचेही असेच आहे. फळ्यावर एक गणित मांडू. समजा, एका गावात २० कुत्र्या आणि २० कुत्रे आहेत. पश्चिम बंगालमध्ये सात ठिकाणी पाच वर्षे चाललेल्या एका अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ९५ वेतांत ३६४ पिल्ले मोजली गेली, म्हणजे वेताला सरासरी चारच्या आत-बाहेर. आपण चार धरू. २० कुत्र्यांची ८० पिल्ले. आता २० पैकी १५ नरांची शस्त्रक्रिया केली. उरलेले पाच नर २० कुत्र्यांना भरपूर होतात, पिल्ले ८०च. याउलट तेवढ्याच, म्हणजे १५ शस्त्रक्रिया मादींवर केल्या, तर उरतात ५ कुत्र्या आणि २० पिल्ले. खर्च सारख्याच संख्येचा, फळ चौपट निराळे. नरांच्या बाजूने हाच परिणाम साधायचा तर जवळजवळ प्रत्येक नर गाठावा लागेल, आणि शेजारच्या गावातून रात्री चालत आलेला एक पाहुणा सगळे हिशेब पुसून टाकील.

त्या अभ्यासातला दुसरा आकडाही मुलांना सांगावा. ३६४ पिल्लांपैकी प्रजननाच्या वयापर्यंत जगली ती फक्त १९ टक्के, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. गाडीखाली, विष घालून, मारून, पिल्ले उचलून नेऊन. मग या ना त्या मार्गाने मरणारच आहेत, तर शस्त्रक्रिया कशाला, असे कोणी म्हणेल. पण ८० पिल्लांचे १९ टक्के म्हणजे १५, त्यांत सात-आठ माद्या. म्हाताऱ्या कुत्र्यांची जागा भरून काढायला तेवढ्या पुरतात. इतकी पिल्ले मरूनही संख्या घटत नाही, ती यामुळेच.

राखणीला कुत्रा पाहिजे म्हणजे नरच पाहिजे, ही आपल्याकडची रीत आहे. वेतातले नर उचलले जातात आणि मादी पिल्ले पोत्यात घालून उकिरड्यावर, दुसऱ्या गावच्या वेशीवर किंवा आठवडी बाजारात सोडली जातात. त्यांतली जी जगते ती पुढल्या वर्षी माजावर येते, आणि तिच्यामागे धावणारा कुत्रा बहुधा ज्याने तिला टाकले त्याच्याच मळ्यातला असतो. हे दुष्टचक्र आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण दोन टोकांमध्ये एक वर्ष जाते.

एवढे सगळे वाचल्यावर नराची शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढील, तर तो चूक आहे. गावाची संख्या मादीवर ठरते, हे खरे. पण तुमच्या दारातल्या कुत्र्याचे आयुष्य, त्याचे भटकणे आणि भांडणे ही त्याच्या वृषणांवर अवलंबून असतात.

शेतकऱ्याची मुख्य शंका अशी की खच्ची केलेला कुत्रा राखण करील का? बैलाचे उदाहरण इथे दिशाभूल करते. गोऱ्हा खच्ची केल्यावर थंड होतो, तसाच कुत्रा थंड पडेल असे वाटते. १९७६ मध्ये अमेरिकेत ४२ कुत्र्यांची शस्त्रक्रियेआधीची व नंतरची वागणूक तपासली गेली. भटकण्याची सवय दहातील नऊ कुत्र्यांत कमी झाली. दुसऱ्या नरांशी भांडणे निम्म्याहून अधिक कुत्र्यांत कमी झाली, जागोजागी मुतण्याची खोड जवळपास निम्म्यांत. पण आपल्या आवाराची राखण करण्याच्या वृत्तीत फरक पडला नाही. अनोळखी माणसावर भुंकणे हे कुत्रा लहानपणापासून शिकत आलेला असतो, ते केवळ टेस्टोस्टेरॉनवर चालत नाही. उलट जो कुत्रा भाद्रपदात पंधरा दिवस घरीच नसतो तो कसली राखण करणार?

शस्त्रक्रियेनंतर दोन पथ्ये. टेस्टोस्टेरॉन रक्तातून लवकर उतरते, पण नलिकांमध्ये आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून महिना-दीड महिना त्याला माजावरील कुत्रीपासून दूर ठेवावे. दुसरे, त्याला लठ्ठपणा येऊ शकतो, भाकरी थोडी कमी करावी. मोठ्या हाडापेराच्या जातींत शस्त्रक्रियेची घाई करू नये असे आता मानतात. कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या विद्यापीठाने २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर जातीची तपासणी केली, तेव्हा वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा विकार सुमारे दुप्पट आढळला. गावठी कुत्र्याचा बांधा हलका असतो, पण वय ठरवताना पशुवैद्याला विचारणे केव्हाही चांगले. आणि हे काम भूल देऊन, दवाखान्यातच व्हायला हवे. बैलाचा चिमटा किंवा दोरी-ब्लेडचे गावठी प्रकार कुत्र्यावर करणे हे क्रौर्य तर आहेच, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही ठरते.

नराला भाद्रपदात घरी ठेवण्याचे एक कारण शेतकऱ्याला सहसा ठाऊक नसते. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ कधी कधी दिसते. तो एक कर्करोग आहे, आणि तो लागतो. विषाणूमुळे किंवा जंतूमुळे नव्हे, तर रोग्याच्या गाठीतील पेशीच मिलनाच्या वेळी दुसऱ्याच्या अंगात रुजतात आणि तिथे वाढतात. काही हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा एका कुत्र्याच्या शरीरात सुरू झालेली ही गाठ त्या कुत्र्याच्या मरणानंतरही कुत्र्यामागून कुत्र्यात राहत आली आहे. आज जगभरच्या कुत्र्यांतील गाठींच्या पेशी जनुकीयदृष्ट्या त्या एकाच प्राण्याच्या वंशज ठरतात. जीवशास्त्रातल्या इतक्या अद्‌भुत गोष्टी थोड्याच असतील. सुदैवाने व्हिन्क्रिस्टिन या औषधाच्या आठवड्याआड इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते. ते औषध मात्र डॉक्टरांच्याच हातचे.

गावाबाहेरचे प्राणीही यात ओढले जातात. बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ एक हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास भटकत २०१९ च्या अखेरीस इथेच येऊन पोचला होता. अभयारण्याला लागून शेते आहेत आणि शेतांवर राखणीचे मोकळे कुत्रे. कुत्रा आणि लांडगा यांच्या पेशींत सारखीच, ७८ गुणसूत्रे असतात, आणि त्यांची संतती वांझ निपजत नाही. पुण्याजवळच्या माळरानावर लांडग्यांच्या कळपात वेगळ्याच रंगाचे प्राणी दिसले, तेव्हा ग्रासलँड्स ट्रस्ट आणि बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस येथील संशोधकांसह काही जणांनी त्यांची जनुके तपासली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने कुत्रा-लांडगा संकराची खात्री दिली. जगात अशा संकरांत बहुतेक वेळा बाप कुत्रा आणि आई लांडगीण असते. माळरानावर लांडगे थोडे आणि कुत्रे फार, अशा स्थितीत लांडग्याचा वंश पातळ होत जाण्याचा धोका खरा आहे. विदर्भाच्या कोरड्या माळांवर मेंढरांच्या वाड्याबरोबर फिरणारे धनगरी कुत्रे आणि मळ्यातले राखणीचे नर या दृष्टीने कोणी पाहिलेलेच नाहीत.

शस्त्रक्रिया करायची नसेल, किंवा अजून झाली नसेल, तर नर सांभाळायचा कसा? कुत्रीच्या आणि त्याच्या मध्ये एकच अडसर कधीही पुरत नाही. दार आणि कुंपण, असे दोन हवेत. ढिल्या जाळीच्या आरपारही मिलन होते. मळ्यात दोन खांबांमध्ये जाड तार ताणून तिच्यावर सरकती कडी घालावी आणि साखळी त्या कडीला अडकवावी. कुत्र्याला वीस-तीस पावले फिरता येते, राखणही होते. खुंट्याला हातभर दोरीने चोवीस तास बांधलेला कुत्रा चिडका आणि चावरा होतो, तो उपाय नव्हे. संध्याकाळ ते सकाळ ही मोकळे सोडण्याची आपली वेळ असते. भाद्रपद-आश्विनात ती उलटी करावी, रात्री बंद खोलीत आणि दिवसा नजरेखाली. घरची कुत्री माजावर असेल तर तिने मुतलेली जागा पाण्याने धुवावी, तिला बाहेर नेण्याची वेळ भर दुपारची ठेवावी, आणि नराला त्या तीन आठवड्यांपुरते भावकीतल्या दुसऱ्या मळ्यात पाठवता आले तर त्याहून उत्तम.

बेवारस कुत्र्यांची जबाबदारी मात्र मालकावर टाकता येत नाही. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रथम २००१ मध्ये आले, त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. नगरपालिकांबरोबर ग्रामपंचायतींवरही हे काम आहे, हे पुष्कळ सरपंचांना माहीत नसते. कुत्री पकडायची, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून पकडली तिथे सोडायची, असा तो क्रम. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून पकडलेली कुत्री परत तिथेच सोडू नयेत, असा आदेश दिला. मुख्याध्यापकांनी तो ग्रामपंचायतीच्या नजरेस जरूर आणावा. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे तर प्रत्येक वर्गात भिंतीवर लिहिलेले असावे.

शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला त्रिकोणी खाच पाडतात. इथे विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम आहे. आषाढात, म्हणजे माजाच्या आधी, सकाळी उजाडताच दोन-दोन मुलांच्या जोड्यांनी एकेक गल्ली वाटून घ्यावी. कुत्र्यांजवळ जायचे नाही, खायला द्यायचे नाही, दहा-पंधरा पावलांवरून फक्त नोंद करायची. नर की मादी, कानाला खाच आहे की नाही, गळ्यात पट्टा आहे की नाही. तीन दिवस मोजले की वही ग्रामपंचायतीकडे आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे न्यावी. त्या वहीतला सगळ्यात उपयोगाचा आकडा आहे खाच नसलेल्या माद्यांचा. पैसे थोडे असतील तर शस्त्रक्रिया तिथून सुरू व्हाव्यात, आणि त्या पोळ्याच्या आत उरकाव्यात.